तो थर्माकोल नाही, दाणा आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ठाण्याच्या खाडीवर तुम्ही पानभर लेख छापलात. फ्लेमिंगोंचे फोटो झकास आलेत, छायाचित्रकाराला माझा नमस्कार सांगा. पण खाली उजव्या कोपऱ्यात चिखलावर पसरलेल्या पांढऱ्या कणांचा एक लहानसा फोटो आहे आणि त्याखाली छापलंय, 'भरतीबरोबर आलेला थर्माकोलचा चुरा'. आधी चष्म्यातून पाहिलं, मग भिंगातून पाहिलं, शेवटी नातवाने मोबाईलवर मोठं करून दाखवलं. तो थर्माकोल नाही. तो दाणा आहे, म्हणजे ज्यापासून बादल्या, पाइप बनतात तो कच्च्या प्लॅस्टिकचा कण. सत्तावीस वर्षं मी दाणाच बनवला, तेव्हा एवढं ओळखायला मला प्रयोगशाळा लागत नाही.

तुमच्या वार्ताहराला ओळखायची खूण सांगतो. कण नखाखाली धरून दाबायचा. थर्माकोल दबतो, फुटतो, बोटाला चिकटतो. दाणा दबत नाही, नखाखालून निसटून लांब उडतो. आकाराने मसुराएवढा, जरासा चपटा, रंग दुधात पाणी घातल्यासारखा. जुना असेल तर पिवळट पडलेला, जुन्या शर्टाच्या बटणासारखा. दोन्ही पाण्यावर तरंगतात, त्यामुळे लांबून फसायला होतं, मान्य.

पण नुसत्या फोटोओळीसाठी मी वहीची पानं काढली नसती. त्याच लेखात एक वाक्य आहे, की 'खाडीकाठच्या जुन्या कारखान्यांत प्लॅस्टिक वितळवलं जात असे आणि पर्यावरणाची जाग आल्यावर ते बंद पडले'. एका वाक्यात दोन चुका. आमच्याकडे प्लॅस्टिक नुसतं वितळवत नव्हते, जन्माला घालत होते. आणि बंद पडायचं कारण जाग-बिग काही नव्हतं. ते पुढे सांगतो.

घणसोलीला नोसिल नाका आहे. रिक्षावाल्याला नाव सांगा, बरोब्बर सोडतो. पण नोसिल म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं. माझ्या पुतणीच्या मुलीला वाटायचं एखाद्या जुन्या औषधाचं नाव असेल. नॅशनल ऑर्गॅनिक केमिकल इंडस्ट्रीज लिमिटेड, हे त्याचं पूर्ण नाव. मफतलालांची कंपनी, जोडीला शेल. कंपनीची नोंदणी १९६१ची आणि नाफ्था क्रॅकर, म्हणजे नाफ्था तोडून त्यातून प्लॅस्टिकचा मूळ वायू एथिलीन काढायचा कारखाना, सुरू झाला १९६८ साली, वर्षाला ६०,००० टन एथिलीनचा. आमच्यातले काही जण छाती फुगवून 'देशातला पहिला क्रॅकर' असं अजून सांगतात. ते खरं नाही. पहिला मान खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेचा, युनियन कार्बाइडचा, १९६६चा. तो २०,००० टनांचा होता. आपला दुसरा, पण तिप्पट. खरं तेवढंच सांगावं, ते काही कमी नाही.

नोसिलच्या शेजारी आमची कंपनी, पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज, सगळे पी.आय.एल. म्हणायचे. तंत्रज्ञान जर्मनीच्या हेक्स्टचं, मालाचं नाव होस्टालेन. उत्पादन १९६८लाच सुरू झालं. नोसिलने एथिलीन द्यायचं, ते नळातून आमच्याकडे यायचं आणि आम्ही त्याचं हाय डेन्सिटी पॉलिथिलीन करायचं. बाजारात त्याला नुसतं 'एचडी' म्हणतात. बादली, घागर, दुधाचे क्रेट, पाण्याचा काळा पाइप, रसायनांचे निळे पिंप, सगळा एचडीचा संसार.

आता ते १९६८ कसं होतं ते ऐका. वाशीचा पूल नव्हता, तो १९७३चा. सिडको नव्हती, ती १९७०ची. नवी मुंबई हे नावही कोणी ऐकलेलं नव्हतं. आमचं घणसोली, तळवली, रबाळे, गोठिवली ही खाडीकाठची गावं. भातशेती, मिठागरं, खाडीत बोयी, निवट्या, चिंबोऱ्या. मुंबईला जायचं तर आधी कळव्यावरून ठाणं गाठायचं. त्या खाजणात एकाएकी चकचकीत मनोरे उभे राहिले आणि रात्री फ्लेअर जळायला लागला. फ्लेअर म्हणजे उंच धुराड्याच्या टोकाला जाळायचा जादाचा वायू. आमच्या ओटीवर मध्यरात्री माणसाची सावली पडायची, एवढा उजेड. आजी सुरुवातीला त्याला हात जोडायची. नंतर सवय झाली, मग 'आज बारीक आहे, शिफ्टवाले झोपले काय' असं म्हणायला लागली.

जर्मनीत कार्ल झीग्लरने कमी दाबाखाली पॉलिथिलीन करायची युक्ती शोधली १९५३ साली. त्यावर त्याला आणि इटलीच्या नाट्टाला १९६३चं नोबेल मिळालं. १९६८ला तीच युक्ती घणसोलीच्या खाजणात दिवसरात्र चालू होती. म्हणजे काचेच्या भांड्यातून आमच्या गावात यायला पंधरा वर्षं लागली. आमच्या गावात रस्त्यावरचे दिवे यायला त्याहून जास्त लागली, पण तो विषय वेगळा.

कारखाना चालायचा कसा हे लेखात एका ओळीत उरकलंय, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नाफ्था म्हणजे पेट्रोलचा चुलतभाऊ समजा. तो वाफेबरोबर भट्टीतल्या नळ्यांतून सोडायचा. आत आठशे अंशांच्या वर तापमान आणि आत थांबायचं किती, तर सेकंदसुद्धा नाही. जास्त थांबला तर कोळसा होऊन नळीला धरतो. तेवढ्या क्षणात त्याचे मोठे रेणू तुटतात. बाहेर आला रे आला की थंड करायचा, मग दाबायचा, मग गारठवत गारठवत एकेक वायू निराळा काढायचा. एथिलीन साध्या दाबाला उणे १०४ अंशांवर पातळ होतं. म्हणजे एकाच कुंपणाच्या आत एका टोकाला आठशेची भट्टी आणि दुसऱ्या टोकाला बर्फापेक्षा शंभर अंश गार नळ. त्या गार नळांवर पावसाळ्यात हवेतलं पाणी धरून पांढरा बर्फ साठायचा, आणि त्याच वेळी बाहेर आम्ही घामाने निथळत असायचो. शंभर किलो नाफ्थ्यातून तीसेक किलो एथिलीन निघतं. बाकीचं प्रॉपिलीन, ब्युटाडाइन, बेंझीन आणि असंच, त्यातलं फारसं वाया जात नव्हतं. त्याचं पुढे काय काय व्हायचं ही नोसिलवाल्यांनी लिहायची गोष्ट.

आमच्याकडे एथिलीन आलं की ते रिअॅक्टरमध्ये जायचं. रिअॅक्टर म्हणजे भलंमोठं बंद पातेलं, आत ढवळणी. आत पातळ तेलासारखं द्रव आणि त्यात चिमूटभर कॅटलिस्ट, म्हणजे क्रिया सुरू करून देणारं विरजण. कॅटलिस्ट टायटॅनियमचं, सोबत अॅल्युमिनियम अल्किल. हे अल्किल फार वाईट खोडीचं. हवा लागली की आपोआप पेटतं, पाणी लागलं तर विचारूच नका. आणि हे सांभाळायचं कुठे, तर जिथे जून ते सप्टेंबर भिंतीतूनसुद्धा पाणी झिरपतं तिथे! म्हणून सगळं नायट्रोजनच्या पांघरुणाखाली. नव्या पोराला पहिल्या आठवड्यात लांबून एक थेंब पेटताना दाखवायचे, मग त्याला परत सांगावं लागायचं नाही.

ऐंशीएक अंशांवर एथिलीनचे रेणू एकमेकांना जोडायला लागतात आणि ताकात लोण्याचे कण दिसावेत तसे पांढरे कण धरायला लागतात. हे होताना प्रचंड उष्णता सुटते. आमची निम्मी नोकरी ही उष्णता बाहेर काढण्यात गेली. लोकांना वाटतं कारखान्यात काहीतरी तापवायचं काम चालतं. आमचं काम थंड ठेवायचं होतं. थंड पाण्याच्या पंपाचा आवाज मला झोपेतही ओळखू यायचा. घरी पंखा बंद पडला तरी दचकून उठायचो. बायको म्हणायची, तुमचा रिअॅक्टर इथे नाही, झोपा.

मग ते ताक सेंट्रिफ्यूजमध्ये जायचं, म्हणजे कपडे पिळायच्या मशीनचा थोरला भाऊ. द्रव परत फिरायचं, ओली पावडर वाळवायला जायची. वाळल्यावर ती तांदळाच्या पिठासारखी दिसायची. पण पिठासारखा माल बाजारात चालत नाही, उडतो. म्हणून ती एक्स्ट्रूडरमध्ये वितळवून, त्यात ऊन सोसायचं औषध मिसळून, भोकांच्या पाट्यातून दाबायची. सोऱ्यातून शेव पडते ना, तसं. फक्त ही शेव पडतानाच पात्याने मसुराएवढी कापली जायची. तोच दाणा.

सगळा दाणा दिसायला सारखा, पण एका बादलीचा, एका पाइपचा, एका पिंपाचा. हे कळायचं कसं? लॅबमध्ये एक ठेंगणं लोखंडी यंत्र होतं, आत बोटभर जाडीचं नळकांडं. त्यात पाचेक ग्रॅम दाणा टाकायचा, १९० अंशांवर वितळू द्यायचा, वर वजन ठेवायचं आणि खालच्या दोन मिलिमीटरच्या भोकातून दहा मिनिटांत किती ग्रॅम माल उतरतो ते मोजायचं. त्याला मेल्ट इंडेक्स म्हणतात, आमच्या भाषेत एमआय. बादलीचा माल भराभर उतरतो, मधासारखा. पाइपचा माल हलता हलत नाही, चिकासारखा लोंबत राहतो. आमच्या लॅबमध्ये एक वयस्कर केमिस्ट होते, ते घड्याळ न बघता नुसत्या धारेकडे बघून आकडा सांगायचे, आणि मग यंत्राचा आकडा त्यांच्याशी जुळतोय का ते आम्ही बघायचो. एमआय हलला की रात्री दोन वाजता कंट्रोल रूमला फोन. मग रिअॅक्टरमधला हायड्रोजन, जो माल किती पातळ उतरेल ते ठरवतो, किंचित कमी-जास्त करायचा. किती, तर डाळीत हिंग. समोर गोल कागदी चार्टं, शाईच्या पेनांच्या लाल-निळ्या रेघा. सकाळी हँडओव्हर देताना ती रेघ सरळ असली की छाती हलकी व्हायची.

तर असा तो दाणा. २५ किलोच्या गोणीत भरून गाडीवर चढायचा.

आता तुमच्या फोटोतल्या दाण्याकडे येतो. तो खाडीत गेला कसा, यातला थोडा भाग मला स्वतःला माहीत आहे, कारण त्यात माझाही हात आहे.

पी.आय.एल.मध्ये मी १९७२ला लागलो. त्याआधी दोन वर्षं एका छोट्या कारखान्यात होतो. नाव सांगत नाही. मालक वारले, शेड कधीच पाडली, आता तिथे काचेची इमारत आहे. बादल्या, टमरेलं, साबणाच्या डब्या असा माल. तीन मशीनं, आठ माणसं. मशीनच्या डोक्यावर हॉपर, म्हणजे गिरणीला असतं तसं फनेल. त्यात गोणी खांद्यावर घेऊन वरून ओतायची. गोणी हमालाच्या आकड्याने आधीच दोन-चार ठिकाणी फाटलेली. गाडीपासून मशीनपर्यंत दाण्याची रेघ, हॉपरभोवती सडा. आणि दाण्यावरून पाय घसरतो. पहिल्याच महिन्यात मी आडवा झालो, कोपर फुटलं. मालक म्हणाला, झाडून घेत जा. सगळ्यात नवा मी, झाडू माझ्या हातात. झाडलेला दाणा मातीमिश्रित, तो परत मशीनमध्ये टाकला तर डाय, म्हणजे साचा, खराब होतो. तेव्हा काय करायचं? मागच्या दाराला गटार होतं. गटार नाल्याला, नाला खाडीला. रोज संध्याकाळी सूप-दीड सूप मी त्या गटारात ओतलं आहे. दोन वर्षं. पावसाळ्यात तर पाणी स्वतःच आत येऊन घेऊन जायचं, तेवढाच झाडू वाचायचा. कोणी हटकलं नाही, मलाही कधी वाटलं नाही. तेव्हा गटार म्हणजे नाहीसं करायची जागा.

सूपभर म्हणजे किती? परवा आमच्या ओळखीच्या सोनाराकडे जाऊन त्याच्या काट्यावर मोजलं. तो हसला, पण मोजू दिलं. एका ग्रॅमला चाळीसच्या आसपास दाणे बसतात. म्हणजे किलोला चाळीस हजार, २५ किलोच्या एका गोणीत दहा लाख. दोन किलो झाडण म्हटली तरी ऐंशी हजार दाणे, रोज. मी आकडा पुढे केला नाही.

आणि एचडी कुजत नाही. लोखंड गंजतं, लाकूड वाळवी खाते, याला ऊन हळूहळू ठिसूळ करतं, एवढंच. तेही वरचेवर तरंगत राहिला तर. चिखलात गाडला गेला की ऊनही लागत नाही. खाडीच्या पाण्यापेक्षा हलका, म्हणून उधाणाबरोबर वर येतो, तिवरांच्या मुळांत अडकतो, पुढच्या उधाणाला परत निघतो. माझ्या हातून गेलेला दाणा मी ज्या काठावर लहानपणी चिंबोऱ्या धरल्या त्याच काठावर असणार, दुसरीकडे जाणार कुठे. तुमच्या फोटोतला पिवळट दाणा पन्नास वर्षांचा आहे की पाच, हे मी नुसत्या डोळ्यांनी सांगू शकत नाही. पण पांढराशुभ्रही त्यात दिसतोय, आणि तो काही १९७१चा नाही.

म्हणजे दाणा आजही सांडतोय. हे तुमच्या लेखात यायला हवं होतं. मोठ्या कारखान्याच्या धुराड्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. दाणा सांडतो तो पुढे: गोदामात, टेम्पोत, मोल्डिंगच्या गाळ्यात, भंगाराचा रिप्रोसेस करणाऱ्यांकडे. धूर नाही, वास नाही, कोणी खोकत नाही, मग तक्रार कोण करणार? २०२१ला कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळलं, सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात गेला, जगभर बातमी झाली. २०२५च्या मे महिन्यात कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं आणि केरळच्या किनाऱ्यावर गोण्याच्या गोण्या दाणा आला, तुम्हीही ते पहिल्या पानावर छापलंत. तिथे निदान जहाज होतं, बोट दाखवायला जागा होती. इथे रोज सूपभर जातं, त्याला जहाज नाही.

उपाय इतका साधा आहे की लिहायला संकोच वाटतो. गाळ्याच्या मागच्या गटाराच्या तोंडाला बारीक जाळी. डास अडवायला खिडकीला लावतो ना, तिच्याहून जाड भोकाची चालेल, कारण दाणा मसुराएवढा आहे. जाळीवर साठलेलं रोज काढायचं आणि वेगळ्या पिंपात भरायचं, तेही विकलं जातं. हमालाचा आकडा वापरायचा नाही, गोणी हाताने किंवा ट्रॉलीवर. जाळी एका दिवसात बसते. ती बसवणं परवान्याला जोडा, मग कोणाला आठवण करावी लागणार नाही.

आता दुसरी चूक, बंद पडण्याची. साहेब, आमचा कारखाना खाडीची दया येऊन कोणी बंद केला नाही. हिशेब बसेना म्हणून तो थांबला. १९६८ला ६०,००० टन म्हणजे मोठा आकडा. पुढे १९७८ला बडोद्याला आयपीसीएल या सरकारी कंपनीचा १,३०,००० टनांचा क्रॅकर आला. मग नागोठण्याला आयपीसीएलचाच ३ लाखांचा, तोही मुंबई हायच्या वायूवर, नाफ्था नको. १९९१नंतर आयात कर उतरायला लागले, बाहेरचा माल स्वस्त झाला. १९९७ला हजिऱ्याला रिलायन्सचा साडेसात लाख टनांचा क्रॅकर उभा राहिला. लहान भट्टीला माणसं, देखभाल जवळजवळ तेवढीच लागते आणि माल निघतो दहाव्या हिश्श्याहून कमी. कोळ्याला कळतं ते गणित. मी १९९९ला बाहेर पडलो, त्यानंतर थोड्या वर्षांत सगळंच थंड झालं. नोसिल ही कंपनी आजही आहे, रबराला लागणारी रसायनं बनवते, पण क्रॅकर नाही आणि फ्लेअरही नाही. आजी असती तर म्हणाली असती, आज फारच बारीक आहे.

प्लॅस्टिकबंदी झाल्यापासून, म्हणजे २०१८पासून, घरात मी चेष्टेचा विषय आहे. भाजीवाल्याने पिशवी नाकारली की सून माझ्याकडे बघते. पिशव्या एलडी आणि एलएलडीच्याही, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिलीनच्या, असायच्या; आमची एचडी होती ती त्या चुरचुर वाजणाऱ्या पातळ पिशव्यांत. म्हणजे अगदीच हात झटकता येत नाहीत. पण सांगतो, १९७१च्या दिवाळीला त्या बादलीवाल्या मालकाने आम्हाला प्रत्येकी एक घागर दिली होती, लाल रंगाची. आई तोवर पितळेचा हंडा घेऊन विहिरीवर जायची. रिकामा हंडाच खांदा मोडणारा. लाल घागर तिने आठ दिवस कोपऱ्यात ठेवली, पाण्याला वास येईल म्हणाली. नवव्या दिवशी उचलून बघितली, परत ठेवली, परत उचलली. मग जी घेऊन गेली ती घागर पंधरा वर्षं चालली. पिण्याचं पाणी तिच्यात कधी भरलं नाही, तो हट्ट शेवटपर्यंत. शेवटी उन्हाने चीर गेली तेव्हा आईने तिचा गळा कापून तुळस लावली. तिच्या खांद्याचं काय वजन वाचलं ते मी कोणत्या काट्यावर मोजू?

हे मी कारखान्याची बाजू घ्यायला लिहीत नाही, आणि गटाराची चूक झाकायलाही नाही. दोन्ही हात माझेच आहेत. माझं म्हणणं एवढंच की खाडीबद्दल लिहिताना तुम्ही २०१५चं फ्लेमिंगो अभयारण्य लिहिता, २०२२चा रामसर दर्जा, म्हणजे पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय मान, लिहिता, पोर्तुगीजांच्या काळातलंही लिहिता, आणि मधली चाळीस वर्षं 'जुने कारखाने' या दोन शब्दांत गुंडाळता. त्या चाळीस वर्षांत आमच्या गावाने भात सोडलं, मीठ सोडलं आणि शिफ्ट धरली. आमच्या शिफ्टला आम्ही नऊ जण होतो, तळवलीचे तीन, घणसोलीचे चार, दोघं ठाण्याहून यायचे. आज चौघं आहोत. त्यांतल्या एकाला ऐकू येत नाही, पण रिअॅक्टर कसा सुरू करायचा ते तो अजून हाताच्या खुणांनी करून दाखवतो, एकेक व्हॉल्व्ह क्रमाने, एकही न चुकता. ते लिहून घ्यायला कोणी आलेलं नाही.

फोटोओळीची दुरुस्ती कृपया छापा, लहान अक्षरांत चालेल. आणि वार्ताहराला पाठवायचं असेल तर पुनवेच्या उधाणानंतर दोन दिवसांनी, सकाळच्या ओहोटीला पाठवा. गावाच्या विसर्जनाच्या धक्क्यापासून उजव्या हाताला बांधाबांधाने चालत गेलं की तिवरांच्या कडेला काडीकचऱ्याची एक रेघ दिसते, तिथे वाकून बघायचं. मी गेल्या महिन्यात वीतभर जागेत त्रेचाळीस दाणे वेचले. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलेत, वर तारीख लिहिली आहे. गमबूट मात्र स्वतःचे आणायला सांगा, चिखल गुडघाभर आहे आणि माझे त्याला होणार नाहीत.

आपला,
पी.आय.एल.चा एक निवृत्त ऑपरेटर
घणसोली गाव, नवी मुंबई